गाडीचा तुंबा, वाड्याची तुळई, किनाऱ्यावरचा ओंडका: बोन्सायच्या लाकडी कुंड्या

सुतारपक्षी

इथे फोरमवर बोन्सायचे धागे कमी नाहीत, पण कुंडीचा विषय निघाला की 'टोकोनामेची मागवा' (जपानमधलं कुंड्यांसाठी नावाजलेलं गाव) नाहीतर 'कुंभाराला सांगा' एवढ्यावर मिटतो. लाकडाची कुंडी म्हटलं की उत्तर ठरलेलं: कुजते, नाद सोडा. कुजते हे खरंच आहे. पण कुठून कुजते आणि कशामुळे, एवढं कळलं तरी बरंच काही करता येतं.

मी सुतारकामातून बोन्सायकडे आलो, उलट नाही. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. कुंडीसाठी समुद्रावर सापडलेल्या लाकडापेक्षा आधी राबलेलं लाकूड घ्या. बैलगाडीचं चाक, काठवट, वाड्याची तुळई, दाराचा उंबरठा. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस आणि ओल-सुक सोसलेल्या लाकडात जे कुजायचं ते आधीच कुजून गेलेलं असतं. किनाऱ्यावरचा ओंडका कुठल्या झाडाचा, किती काळ पाण्यात होता, आतून किती पोखरलाय, काही पत्ता नसतो. फोटोत मात्र तोच भाव खाऊन जातो.

सगळ्यात आवडती कुंडी चाकाच्या तुंब्याची. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला जाड गड्डा, ज्यात आरे बसतात. आमच्या साताऱ्याकडे तो बाभळीचा करतात. टायरच्या गाड्या आल्यापासून जुनी चाकं गोठ्यामागे पडलेली असतात. अख्खं, देखणं चाक हॉटेलवाले उचलतात. आरे मोडलेलं, लोखंडी धाव उतरवून भंगारात घातलेलं चाक कुणी विचारत नाही, ते आपलं.

तुंब्यात कण्यासाठी आरपार भोक असतंच, म्हणजे निचऱ्याची सोय आयती. आतली लोखंडी नळी ठोकून काढायची. वरच्या बाजूने ते भोक पटाशीने रुंद करत न्यायचं, खालचं तसंच ठेवायचं. भिंत किमान २५ मिमी राहू द्या. बाभूळ वाळली की पटाशीची धार घालवते, त्यामुळे धार लावायचा निशाणा जवळ हवाच. आऱ्यांच्या चौकोनी खाचांत सागाच्या खुंट्या ठोकून बसवल्या की बाहेरून सुंदर दिसतात. एखादी खाच उघडी ठेवून त्यात शेवाळ भरलं तरी चालतं. उंच आणि अरुंद आकार असल्यामुळे ही कुंडी खाली झेपावणाऱ्या, कॅस्केड पद्धतीच्या झाडाला फिट बसते. माझ्या तुंब्यात बोगनवेल आहे.

आता अडचण. तुंब्यात लाकडाच्या रेषा उभ्या असतात, म्हणजे कुंडीचं बूड हे लाकडाचं कापलेलं तोंड. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः या तोंडाने, बाजूने फारच कमी. झाड उभं असताना पाणी अशाच उभ्या नळ्यांतून वर चढायचं. असा तुंबा सरळ फरशीवर ठेवला की तो खालून ओल ओढत राहतो आणि बुडाकडून मऊ पडतो. म्हणून बुडाच्या तोंडावर वितळलेलं मेण दोन-तीनदा जिरवायचं आणि खाली निदान १५ मिमी उंचीचे तीन पाय लावायचे. चार नको, तीन. डुगडुगत नाही.

बाभळीत टॅनिन भरपूर. लोखंड लागलं की निळे-काळे डाग पडतात, तेव्हा स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस घ्या. कोरून झाल्यावर तुंबा पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी बदलत राहा. आधी चहाच्या रंगाचं पाणी उतरेल, ते निवळलं की मगच माती भरा.

काठवटीबद्दल वेगळं लिहितो. उथळ, पसरट आणि एकसंध लाकडातून कोरलेली असल्यामुळे जंगल-मांडणीसाठी, म्हणजे एकाच कुंडीत अनेक झाडं लावायला, ती केवळ अप्रतिम.

भाकरतुकडा

काठवटीला भोक पाडणार? आमच्या घरी हा शब्द जरी काढला तरी माझंच बोन्साय करतील.

शेवाळ

मस्त धागा, वाचनखूण साठवली. सुतारपक्षी, तुंब्याचा फोटो टाका ना.

दोन प्रश्न. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, गच्ची नाही, बाल्कनी आहे. टॅनिनचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं तर सोसायटीच्या ग्रूपवर माझा उद्धार होईल. आणि माझ्याकडे बहुतेक फायकस, म्हणजे वड-पिंपळाच्या जातीची झाडं आहेत. वडाची मुळं भिंत फोडतात, लाकूड सोडतील का?

दर्यावर्दी

सुतारानू, तुमचा म्हणणा खरा आसा, पण आमच्या लाकडाक उगाच नावा ठेव नकात.

वेंगुर्ल्याकडचा आहे. पावसाळ्यात नद्या जे काय घाटातून खाली आणतात ते समुद्र परत किनाऱ्यावर फेकतो. दसऱ्याच्या सुमारास चालत गेलं की हवं ते मिळतं. मी मोठे ओंडके घेत नाही. हातभर लांबीचे, एका बाजूने पोखरून आपोआप पन्हळ झालेले तुकडे घेतो. कोरायचं काम समुद्राने निम्मं करून ठेवलेलं असतं.

ओळखायचं असं. नखाने दाबून बघा. दबलं तर ते चुलीत. ठोकून बघा, टणटण वाजलं तर पुढचं बोला. मग वजन: वाळल्यावरही जड लागलं तर बहुधा आतला गाभा शिल्लक आहे, पांढरं लाकूड समुद्राने खाऊन टाकलंय. हे आपल्या फायद्याचंच. माडाचा तुकडा घेऊ नका, बाहेरून दगड आणि आतून भुसा, एका पावसात पिंजारतो.

काही तुकड्यांना पेन्सिलीएवढी गोल भोकं दिसतील, आतून पांढरा चुन्यासारखा थर असलेली. तो टेरेडो. किडा म्हणतात, पण आहे शिंपल्याच्या जातीचा. होड्यांचा जुना वैरी. खाऱ्या पाण्याबाहेर तो जगत नाही, त्यामुळे घरी आणल्यावर पसरायची भीती नाही. पण एक भोक दिसलं तर आत दहा असतात, करवतीने टोक कापून बघितल्याशिवाय त्या तुकड्यावर मेहनत करू नका.

मीठ हा खरा प्रश्न. पिंपात गोडं पाणी, त्यात लाकूड दगडाने दाबून बुडवायचं, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलायचं. जिभेने चाखून 'गेलं मीठ' म्हणणारे बघितलेत. त्यापेक्षा पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडे असतो तो, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घ्या. नळाचं पाणी मोजा, मग पिंपातलं मोजा. पाणी बदलल्यावर आठवडाभराने दोन्ही आकडे जवळपास सारखे आले की लाकूड तयार. जाड तुकड्याला महिने लागतात. पावसात पागोळ्यांखाली टाकून ठेवलं तर हेच काम फुकट होतं.

आणि मी झाड थेट लाकडात लावत नाही. आत प्लॅस्टिकचा ट्रे, बाहेर लाकूड.

सुतारपक्षी

@शेवाळ, टॅनिन आधीच बुडवून काढलं तर नंतर फारसं उतरत नाही. तरीही खाली ताटली ठेवा, पण कुंडी ताटलीतल्या पाण्यात उभी नको, पायांवर हवी. आणि आरे-धाव असलेलं चाकच्या चाक बाल्कनीत नेऊ नका, ते फार जड असतं.

फायकसबद्दल खरं सांगायचं तर मुळं लाकडात शिरतात. भेग दिसली की तिथे पहिलं मूळ जातं, मग जाड होतं, मग भेग रुंद होते. तुंब्यासारख्या कडक लाकडात वेळ लागतो. तुळईच्या फळ्यांची पेटी केली असेल तर सांधे उघडतात. उपाय एकच, दर दोन वर्षांनी रिपॉटिंग, म्हणजे झाड काढून, मुळं छाटून नव्या मातीत लावणं, न चुकता.

@दर्यावर्दी, ओळखायच्या खुणा एक नंबर. ट्रेला मात्र माझा विरोध. ट्रे आणि लाकूड यांच्यामध्ये पाणी साठतं, तिथे ना ऊन ना वारा. लाकूड उघड्या मातीपेक्षा लवकर जातं. मग कुंडी लाकडाची कशाला, ट्रेलाच लाकडाचं स्टिकर लावा.

दर्यावर्दी

घट्ट बसवला तर साठेल. मी चारी बाजूंनी बोटभर जागा सोडतो, ट्रे खाली बुचाच्या तीन चकत्यांवर बसतो आणि लाकडाच्या बुडाला ट्रेच्या भोकांपेक्षा मोठी भोकं. पाणी थांबायला जागाच नाही. वरून फट दिसते ती शेवाळाने झाकायची. आमच्याकडे जून ते सप्टेंबर जो कोसळतो तो साताऱ्याच्या पावसाच्या हिशोबात बसत नाही, सुतारभाऊ. उघड्या मातीचं लाकूड इथे चार महिने वाळतच नाही.

अवांतरकर

चर्चा रंगलीय, त्यात थोडं कायद्याचं मीठ टाकतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये वाहून आलेल्या आणि किनाऱ्याला लागलेल्या लाकडावर एक अख्खं प्रकरण आहे. कलम ४५ म्हणतं, तरंगत, किनाऱ्याला लागलेलं, अडकलेलं किंवा बुडालेलं इमारती लाकूड हे कुणी आपला हक्क सिद्ध करेपर्यंत सरकारचं मानलं जाईल. नदीतून लाकूड वाहून नेत असत त्या काळातली तरतूद आहे, पण पुस्तकात आजही आहे. पुरानंतर सागाचा अख्खा ओंडका मिळाला म्हणून जीपमध्ये घालून निघालात आणि नाक्यावर अडवलं तर 'बोन्साय करतोय' हे उत्तर चालणार नाही. मोठं काही असेल तर आधी वनरक्षकाला विचारा.

दुसरं, खारफुटीच्या काठावरचं मेलेलं लाकूडसुद्धा तोडू नका. कांदळवनाला न्यायालयाचं आणि सरकारचं दोन्हीकडून संरक्षण आहे, आणि पांढरी चिप्पी तर २०२० पासून आपला राज्य कांदळवन वृक्ष आहे. किनाऱ्यावर लाकडाबरोबर प्रवाळाचे तुकडे, समुद्रपंखे गोळा करायचीही सवय असते काहींना. ते वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं, मेलेला तुकडा असला तरी.

वाड्याचं लाकूड घेताना पावती घ्या. एवढंच.

पेठकरकाका

पावतीचं खरं आहे. जुन्या लाकडाच्या वखारीत मागितली तर देतात.

माझ्याकडे सागाच्या तुळईची पेटी आहे, जंगल-मांडणीसाठी केलेली. आमच्या नातलगांचा नदीकाठचा वाडा पाडला तेव्हाची तुळई. १९६१ च्या पानशेतच्या पुरात तो वाडा बुडाला होता, आणि लाकडाला रंधा मारताना खिळ्यांच्या भोकांतून बारीक गाळ निघत होता. रंध्याची पाती दोनदा धार लावून आणली. आत लाकूड मात्र असं, की काल कापलंय. तेलाचा वास अजून आहे. सागाचा गाभा म्हणजे गाभा.

पण मला मंडळींना एक वेगळंच सांगायचंय. कुंडी हे झाडाचं आसन आहे. तिने गप्प बसावं. तुम्ही समुद्रावरचा वेडावाकडा, भोकाभोकांचा, रुपेरी झालेला तुकडा घेता आणि त्यात तितकंच वेडंवाकडं झाड लावता. बघणाऱ्याने बघायचं काय? प्रदर्शनांत असल्या कुंड्यांपुढे गर्दी होते हे मी पाहिलंय. लोक लाकडाचा फोटो काढतात, झाडाचं नावही विचारत नाहीत.

माझा नियम साधा. कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश, खोली बुंध्याच्या जाडीइतकी, आणि लाकूड सरळ रेषांचं, पॉलिशशिवाय. नक्षी नको, गाठ समोर नको, खिळ्याचं भोक समोर नको. लाकूड दिसायचं असेल तर ते एकदा नजर झाडावरून उतरल्यावर दिसावं.

दर्यावर्दी

काका, जपानी जुनिपरला हे लागू. त्याच्यावरच पांढरी मेलेली फांदी असते, खाली पुन्हा पांढरं लाकूड आलं तर दोघं भांडतात, मान्य. पण आपण लावतो वड, पिंपळ, उंबर. यांची मेलेली फांदी टिकते कुठे? वर्षा-दोन वर्षांत कुजून पोकळी होते. म्हातारपण दाखवायला झाडावर काहीच उरत नाही. ते काम खालचं लाकूड करतं. माझ्या एका उंबराची दोन मुळं ओंडक्याच्या खोबणीतून बाहेर येऊन पुन्हा आत गेलीत. तिथे आसन कुठलं आणि बसणारा कुठला, हे तुम्हीच येऊन सांगा. मासे घालतो जेवायला.

पेठकरकाका

उंबराचा मुद्दा पटला. फायकसवर मेलं लाकूड टिकत नाही, हे मी या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. मासे खात नाही, सोलकढीवर भागवू.

तरी रुपेरी लाकडात लाल बोगनवेल लावू नका एवढी विनंती.

मूलद्रव्य

तेल, पॉलिश, इपॉक्सी (लाकडावर कडक थर धरणारी राळ) यावर अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. रसायनशास्त्र शिकवतो, हौस म्हणून लाकूडकाम.

लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. कुंडीत ती खाली राहणारच नाही, म्हणजे 'वाटरप्रूफ केलं की झालं' ही लढाई मुळातच हरलेली आहे. इपॉक्सीने आतून-बाहेरून लिंपलेलं लाकूड पहिलं वर्ष काचेसारखं चकचकीत राहतं. लाकूड उन्हापावसात आडवं फुगतं-आकसतं, इपॉक्सी तेवढं ताणत नाही, कुठेतरी केसाएवढी भेग पडते. त्या भेगेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला रस्ता राहत नाही. वरून चकाचक, आतून लगदा. त्यामुळे ज्यातून वाफ बाहेर पडते असंच काही लावा.

बाहेरून: कच्चं जवसाचं तेल, पातळ हात, आठवडाभर वाळू द्यायचं, असे तीन-चार हात. दुकानात 'बॉइल्ड' म्हणून मिळतं त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार असतात, ते कुंडीच्या आत नको. आणि तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, चोळामोळा केलेलं फडकं आपोआप पेटतं. दोरीवर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका.

आतून: जाळणे. गॅसच्या टॉर्चने आतला पृष्ठभाग दोन-तीन मिलिमीटर काळा होईपर्यंत भाजायचा, तारेच्या ब्रशने सुटा कोळसा झाडायचा. जपानी लोक घराच्या बाहेरच्या फळ्या अशा भाजतात, आणि आपल्याकडे कुंपणाचे खुंट पुरायच्या आधी टोकं भाजायची रीत जुनीच. कोळसा बुरशीचं अन्न नाही, एवढाच त्याचा गुण. भेग पडली तिथे मागचं कोरं लाकूड उघडं पडतं, त्यामुळे जाळल्यावर अमर झालं असं समजू नका.

काय वापरू नये ते जास्त महत्त्वाचं:

रेल्वेचे जुने स्लीपर. क्रिओसोट, म्हणजे डांबरातून काढलेलं विषारी तेल, मारलेलं असतं. कितीही टिकाऊ असो, घरात नको आणि मुळांजवळ तर नकोच.

जुना ऑइलपेंट लागलेल्या दारं-खिडक्या. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग घासायचा म्हणजे शिशाची धूळ. ओलं करून खरवडा, मास्क लावा, लहान मुलं असतील तर सरळ सोडून द्या.

होडीच्या बाहेरच्या फळ्या. शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून तांब्याचे, आणि जुन्या काळी त्याहून वाईट रंग मारलेले असतात. आतल्या वाकड्या फासळ्या मात्र सोनं.

माल ठेवायच्या पॅलेटचं पाइन फुकट मिळतं. त्यावर शिक्का बघा: 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन किडे मारलेलं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. पहिलं घ्या. पण पाइन दोन पावसाळ्यांच्या पलीकडे जाणार नाही, रोपं वाढवायच्या पेट्यांना ठीक.

वाळवीसाठी काहीजण बोरॅक्स जिरवायला सांगतात. बोरॉन झाडाला चिमूटभर लागतं आणि थोडं जास्त झालं की पानांच्या कडा जळतात. कुंडीत नको.

दर्यावर्दी

काजूच्या टरफलाचं तेल राहिलं! आमच्याकडे वाशांना, होड्यांना पूर्वी तेच. वाळवी फिरकत नाही.

मूलद्रव्य

बरोबर, पण काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. ते तेल कातडीला लागलं की फोड येतात, आणि कुंडी तर आपण रोज हाताळतो. बाहेरून लावून कित्येक महिने उन्हात मुरू दिलं तर ठीक. आतून अजिबात नको.

पॅसिफिककाठ

व्हँकुवरहून. इथे किनाऱ्यावर ओंडके इतके, की वाळूवर बसायला लोक तेच वापरतात. बरेचसे लाकूडतोडीच्या कंपन्यांच्या तराफ्यांतून सुटलेले. सगळे आपले नाहीत, विकण्यासाठी ओंडके गोळा करायला परवाना लागतो. @अवांतरकर यांनी सांगितलेल्या कलमाची सावत्र भावंडं सगळीकडे आहेत म्हणायची.

इथला लाल सीडर कुंड्यांसाठी उत्तम. हलका आहे, पटाशीला लोण्यासारखा नसला तरी बाभळीच्या मानाने दयाळू, आणि त्याच्या गाभ्यातच बुरशी मारणारी द्रव्यं असतात. इथला पाऊस हिवाळ्यात, बारीक आणि न थांबणारा. त्यात सीडरच्या ट्रेनिंग पेट्या, म्हणजे झाड घडवताना वापरायच्या साध्या पेट्या, वर्षानुवर्षं चालतात. बूड अखंड फळीचं करत नाहीत, पट्ट्यांचं करतात, मध्ये तीन मिमी फट. पाणीही जातं आणि लाकूड फुगलं तरी पेटी फाटत नाही.

थंडीत लाकडाचा आणखी एक फायदा: मातीची भाजलेली कुंडी पाणी पिऊन गोठली की तडकते, लाकूड तडकत नाही. पुणेकरांना याचा उपयोग शून्य, माहिती म्हणून.

शेवाळ

उलट उपयोग आहे. एप्रिलमध्ये माझ्या बाल्कनीच्या ग्रिलवर ठेवलेली चिनीमातीची कुंडी हात लावता येत नाही इतकी तापते. लाकूड तापत नाही ना तेवढं?

सुतारपक्षी

नाही तापत, आणि हाच लाकडाचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. देखणेपण नंतर. उथळ कुंडीत उन्हाळ्यात मुळं कडेला भाजतात, बुंध्याजवळची वाचतात. लाकडात कडेचीही वाचतात. शिवाय भिंत ओल धरते, ती बाहेरून उडताना माती गार राहते. इपॉक्सी मारलं की हेही गेलं.

पॅसिफिककाठ यांची पट्ट्यांची युक्ती काकांच्या पेटीलाही लागू. काका, तुमचं बूड अखंड आहे का?

पेठकरकाका

अखंड फळी होती. एका मेमध्ये मधोमध उभी फाटली. आता पट्ट्याच आहेत, पितळी स्क्रूंनी, आणि स्क्रूची भोकं किंचित लांबट ठेवलीत म्हणजे फळीला सरकायला वाव राहतो. हे आमच्या मिस्त्रींचं डोकं, माझं नाही.

शेवाळ

शेवटचा प्रश्न, मग कामाला लागते. झाड कुंडीत बांधायचं कसं? चिनीमातीच्या कुंडीत तारेची भोकं असतात. आणि रिपॉटिंग आता करू की थांबू? घरी एक मोडकी काठवट आहे, कड फुटलेली. आईने 'ने बाई एकदाची' म्हटलंय.

भाकरतुकडा

आईचे पाय धरा. आणि फुटक्या कडेची बाजू पुढे ठेवा, काका रागावले तरी.

सुतारपक्षी

काठवटीचं बूड मध्ये जाड आणि कडेला पातळ असतं. निचऱ्याची भोकं मधल्या सपाट भागात पाडा, १२ ते १५ मिमी, चार-पाच. ड्रिलचं पातं बाहेर येताना मागचं लाकूड फुटतं, म्हणून खाली टाकाऊ फळी दाबून धरा. तारेसाठी वेगळी बारीक भोकं, ३ मिमी, जोडीजोडीने. अ‍ॅल्युमिनियमची तार घ्या, लोखंडी नको, डाग पडतील. भोकांवर नायलॉनची जाळी, तारेच्याच टाचणीने अडकवलेली.

काठवट तेल-पिठाने मुरलेली असते, आधी गरम पाणी आणि काथ्याने घासून उन्हात कडक वाळवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात मुंग्या येतील. फुटलेल्या कडेला चुना-फेविकॉल काही भरू नका. कानशीने धार मोडून गोल करा आणि तशीच ठेवा. तिथून एखादं मूळ बाहेर डोकावलं तर बरंच.

फायकसचं रिपॉटिंग फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पाऊस स्थिरावल्यावर. मिश्रण नेहमीपेक्षा मोकळं: विटांचा चाळलेला चुरा निम्म्याहून जास्त, बाकी जाड वाळू आणि थोडं चांगलं कुजलेलं शेणखत. कोकोपीट लाकडी कुंडीत मी घालत नाही, ते ओल धरून बसतं आणि लाकडालाही धरायला लावतं. पावसाळ्यात बाल्कनीत आतल्या बाजूला घ्या, झड लागणार नाही अशा ठिकाणी.

कडेला बाहेरून पांढरे धागे किंवा छोट्या छत्र्या दिसल्या तर घाबरू नका, ती मेलेलं लाकूड खाणारी बुरशी आहे, जिवंत मुळांच्या वाटेला सहसा जात नाही. पटाशीचं टोक टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर पुढच्या रिपॉटिंगला नवी कुंडी शोधायला लागा. भोकातून पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर मात्र तो किडा, कुंडी लगेच बाकीच्या लाकडापासून दूर न्या. मोकळी करून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मेच्या उन्हात ठेवली तर बहुतेक मरतात.

दर्यावर्दी

ट्रे लावा गे बाय, दहा वर्षं जाईल.

सुतारपक्षी

लावू नका.

शेवाळ

एका काठवटीचे दोन तुकडे करू का? :) रविवारी भोकं पाडते, फोटो इथेच टाकते.